उठल्यावर मी आधी कुठे गेलो

लक्ष द्या, लक्ष द्या. मराठवाड्यातील समस्त विश्वासणाऱ्या मंडळींना, न विश्वासणाऱ्या मंडळींना, तसेच या दोन फलाटांच्या मधोमध पिशवी धरून उभ्या असलेल्या असंख्य प्रवाशांना कळवण्यात येते की, आजारपणाच्या एकतिसाव्या दिवशी, सकाळी नाश्त्याच्या सुमारास, लातूर मुक्कामी माझ्या उजव्या पायाचा अंगठा हलला. या ऐतिहासिक घटनेची एकाही वर्तमानपत्राने दखल घेतली नाही. मी त्यांना क्षमा केली आहे.

ही भाषा अंगात मुरली आहे, चालवून घ्या. सव्वीस वर्षं मी लातूरच्या बसस्थानकावर माइकसमोर बसून गाड्या पुकारतो आहे. माझ्या आवाजाने लोक झोपेतून उठतात, पोरं कडेवर घेतात आणि धावतात. माझ्या बोलण्यावर गर्दी हलते, याची सवय वाईट असते. किती वाईट, ते पुढे येईलच.

एक विनोद

माझा जन्म नांदेडचा. माय शेवटपर्यंत तिथेच राहिली, माझ्या धाकट्या बहिणीकडे, करुणाकडे. मायने सारी उमर मिशनच्या दवाखान्यात आया म्हणून काढली. शास्त्र, म्हणजे बायबल, तिला तोंडपाठ होतं. "पुढं डोळे ऱ्हातील न ऱ्हातील," म्हणून तिने ते तरुणपणीच पाठ करून ठेवलं होतं.

दर वर्षी पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, पहाटे नांदेडची आमची ख्रिस्ती मंडळी कब्रस्तानात जमते. लोक आपापल्या माणसांच्या कबरी धुतात, फुलं ठेवतात, मेणबत्त्या लावतात. उजाडायला लागलं की एक छोटं नाटक होतं. त्यातला देवदूत मी. अंगाभोवती पांढरी चादर गुंडाळायची, कुंपणाच्या भिंतीवर चढायचं आणि फलाटावरच्या आवाजात पुकारायचं, "प्रभू उठला आहे!" खालून मंडळी म्हणते, "खरोखर उठला आहे!" दरवर्षी लातूरहून मी खास या एका वाक्यासाठी जायचो आणि दरवर्षी ते आदल्या वर्षीपेक्षा जरा जास्त लांबवायचो.

गेल्या वर्षी नाटक आटोपून करुणाच्या घरी खिमा-पाव खात बसलो होतो. माय समोर येऊन बसली.

"शमू, एक इचारू का? तू देवदूत हायेस म्हणून इचारते."

"विचार की."

"तो उठला. मग त्या मग्दालियाच्या मरीयेला दिसला. पेत्राला दिसला. वाटंनं चाललेल्या दोघाला दिसला, त्यांच्यासंगं जेवायला बी बसला. थोमासाठी तर दुबार आला. मग आपल्या मायला कवा भेटला?"

खरंच, तसं कुठे लिहिलेलं नाही. ती क्रुसाखाली उभी होती, हे लिहिलं आहे. वरून त्याने शिष्याला सांगून तिची सोय लावून दिली, तेही लिहिलं आहे. पण उठल्यावर तो मायला भेटल्याची एक ओळ नाही. इतकी वर्षं मी भिंतीवर चढत होतो आणि ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती.

अशा वेळी शहाणा माणूस म्हणतो, 'माय, मला ठाऊक नाही.' मी म्हणालो, "अगं, मायकडं आधी गेला असता तर तिनं 'किती वाळलास रं' म्हणून जेवायला बसवलं असतं, डोक्याला तेल घातलं असतं, अन् जगाचं तारण तिथंच राहून गेलं असतं!"

सगळं घर हसलं. करुणाला ठसका लागला. मायसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. मग म्हणाली, "तसं न्हाई रं," आणि ताटं उचलून आत गेली.

'तसं न्हाई रं' मला नीट ऐकू आलं होतं. पण दारात नवे पाहुणे आले आणि मी तोच विनोद त्यांना पहिल्यापासून सांगायला घेतला.

जीपीएस

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात पायाच्या बोटांना मुंग्या आल्या. दुसऱ्या दिवशी डाव्या पायातली चप्पल फलाटावर राहिली आणि मला कळलं नाही; एका बाईने मागून आणून दिली. तिसऱ्या दिवशी माइकचं बटण बोटांनी दाबता येईना, ते मी कोपराने दाबलं आणि उदगीरची गाडी पुकारली. संध्याकाळी जिन्यात बसलो तो उठलोच नाही.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी मला आणि माझ्या बायकोला, विमलला, समोर बसवून सांगितलं, "शरीराचं रक्षण करणारी फौजच तुमच्या नसांवर उठली आहे." आजाराचं नाव जीबीएस. विमलने विचारलं, "बरे होतील ना?" डॉक्टर म्हणाले, "बहुतेक जण होतात." सव्वीस वर्षं घोषणा केलेल्या माणसाला शब्द कुठे ठेवला आहे ते कळतं. मी त्या 'बहुतेक'कडे बघत बसलो.

बाहेर नातलगांत त्याचा जीपीएस झाला. माझा चुलता शेजाऱ्याला सांगत होता, "त्याला जीपीएस झालाय म्हणे." शेजारी म्हणाला, "मग बरंय की, हरवायचा तर न्हाई!" मी अजून बोलू शकत होतो तेव्हाचा हा शेवटचा विनोद. तो माझा नव्हता, याचं मला आजही दुःख आहे.

शनिवार

मग हात गेले, गिळणं गेलं, श्वास गेला. सतरा दिवस मी यंत्रावर होतो. त्यातच गळ्याला भोक पाडून नळी घातली. शरीरात फक्त पापण्या माझ्या राहिल्या होत्या. एकदा मिटली की हो, दोनदा मिटली की नाही. विमल विचारायची, "कूस बदलू? डास चावला? थंडी?" आणि मी पापण्यांनी संसार करायचो. एकदा ती म्हणाली, "चोवीस वर्षांत पहिल्यांदा माझं बोलणं मधे न तुटता पूर्ण झालं." आणि मग खाटेच्या दांड्यावर डोकं टेकवून रडली. मला तिच्या डोक्यावर हात ठेवायचा होता. पापणी किती वेळा मिटली म्हणजे त्याला 'रडू नको' म्हणतात, हे आम्ही ठरवलं नव्हतं.

या आजारातून जाणाऱ्यांच्या घरच्यांना एक विनंती: रोज आल्यावर आज वार कोणता ते सांगत जा. आत वार नसतात. मला तर सतत शनिवार वाटायचा. शुक्रवारी त्याला क्रुसावर दिलं, रविवारी तो उठला. मधल्या शनिवारी काय झालं, यावर मी एकही प्रवचन ऐकलेलं नाही. का ते आता कळतं. सांगण्यासारखं काही नसतं. छताचा पंखा असतो.

लोक माझ्यासाठी उपास करत होते, साखळी प्रार्थना करत होते. मला त्यातलं काही जाणवलं नाही. उजेड दिसला नाही, आवाज आला नाही. मी मनातल्या मनात हाक मारली, उत्तर आलं नाही. मी खोटं कशाला सांगू? (सांगितलं. तेही येतंच आहे.)

दोन गोष्टी मात्र यायच्या. सकाळी सहाला चाकूरच्या एका शेतकऱ्याची लेक, सिस्टर सुनीता, कामावर यायची आणि पडदा सारून म्हणायची, "उठा काका, उजाडलं." मी उठू शकत नाही हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी रोज म्हणायची.

आणि दुपारी मायचा फोन यायचा. विमल तो माझ्या कानाला धरायची. "शमू, मी बोलून राहिले. ऐकायला येतंय का?" एवढं बोलून ती गप्प व्हायची, पण फोन ठेवायची नाही. पाच-दहा मिनिटं फक्त तिचा श्वास ऐकू यायचा. यंत्राचा एक, तिचा एक. शेवटी म्हणायची, "बरं. जल्दी करू नको. उठला की ये."

गुरुजी

साध्या वॉर्डात आणल्यावर शेजारच्या खाटेवर शिरूर अनंतपाळचे एक निवृत्त शिक्षक होते. बौद्ध माणूस, पक्षाघाताने डावा हात गेलेला. अंगठा हलला तेव्हा पहिलं "हलला, हलला!" तेच ओरडले. गळ्यातली नळी निघून मला कुजबुजता यायला लागलं, तेव्हा त्यांनी सकाळी "जय भीम" केल्यावर मी "जय ख्रिस्त" म्हणायचो, आणि मग आम्ही दोघं मिळून उपम्याला नावं ठेवायचो.

एके दिवशी त्यांनी विचारलं, "तुम्ही एवढे जाऊन आलात. काही दिसलं का हो तिकडं? तुमचा येशू वगैरे?"

"पंखा दिसला," मी म्हणालो. "अन् सकाळी सिस्टर."

ते बराच वेळ हसले. मग गंभीरपणे म्हणाले, "तेवढंच सांगत जा बघा, कुणी विचारलं तर. लई मोठी गोष्ट हाय ती. कुणी तरी रोज उठा म्हणतंय, उठायची आशा नसताना."

मी हो म्हणालो.

साक्ष

नाताळाच्या आधी मी वॉकर धरून चालू लागलो. आमच्यात देवाने केलेलं भलं मंडळीसमोर उभं राहून सांगतात, त्याला साक्ष देणं म्हणतात. चांगली रीत आहे. एकाचं ऐकून दुसऱ्याला धीर येतो. पण माझ्यासारख्याच्या हाती माइक देणं म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला बसवणं.

पहिली साक्ष लातूरला दिली. टाळ्या थांबेनात. तिथल्या पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, मिठी मारली. मग चाकूरहून बोलावणं आलं, मग उदगीरहून. सतरा दिवसांचे एकवीस झाले, एकवीसचा महिना. मी कॉलर खाली करून गळ्याची खूण दाखवायचो. थोमाने प्रभूच्या जखमा बघायला मागितल्या म्हणून त्याला मिळाल्या, मी न मागता वाटत होतो. आणि चाकूरला, लोक इतके कान देऊन ऐकत होते की, माझ्या तोंडून निघून गेलं: "अन् पहाटे सहा वाजता एक वाणी झाली, 'शमुवेल, ऊठ!'"

सिस्टर सुनीताला मी तिच्याच तालुक्याच्या गावात गोष्टीतून काढून टाकलं.

उदगीरहून परतताना विमलने गाडीत विचारलं, "ती वाणी कधी झाली हो?"

"तू चहाला गेली होतीस तेव्हा."

"सहाला चहावाला येत नव्हता," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. पुढच्या साक्षीला ती आली नाही.

माय रोज फोनवर म्हणायची, "मला येववत न्हाई रं, गुडघे ऐकत न्हाईत. तूच ये. तुला बघायचंय." मी म्हणायचो, "पुढच्या रविवारी." नांदेडची गाडी मी आयुष्यात किती हजार वेळा पुकारली असेल. पण पुढचा रविवार कुठल्या ना कुठल्या मंडळीला दिलेला असायचा.

जानेवारीत हिमायतनगरचं बोलावणं आलं. लातूरहून हिमायतनगरला जायचं तर नांदेडवरून जावं लागतं. मी मायला कळवलं, "वाटेत उतरतो." त्या दिवशी निघायलाच उशीर झाला. जीप नांदेडात शिरली तेव्हा सोबतचे म्हणाले, "तिकडं लोक बसून आहेत, परत येताना थांबू." मी म्हणालो, "हो, तसंच करू." करुणाची गल्ली उजव्या हाताला लागली. जीपमधून कोपऱ्यावरचं पिठाच्या गिरणीचं दुकान दिसलं. आणि येताना मी दमून मागच्या सीटवर झोपलो होतो, कुणी उठवलं नाही.

चार दिवसांनी दुपारी, जेवून आडवी झालेली माय गेली.

मी पोचलो. वॉकर टेकत कब्रस्तानात उभा राहिलो, माती दिली. करुणा जवळ आली. मला वाटलं गळ्यात पडेल. ती हळू आवाजात म्हणाली, "दादा, तू येणार होतास त्या दिवशी तिनं सकाळीच डोकं धुतलं होतं. खुर्ची दारात घेऊन बसली. दुपारी मी म्हणलं जेव, तर म्हणाली शमूसंगं जेवते. तू गल्लीवरून गेलास म्हणं. गिरणीवाल्यानं बघितलं तुला." त्यानंतर करुणा माझ्याशी बोलली नाही. काही निरोप असला तर विमलला द्यायची.

का गेलो नाही

वेळ नव्हता हे खरं नाही. मला तिची भीती वाटत होती. बाकी सगळ्या मंडळींना मी आवडायचो. मी नाटक कधी करतो आणि कधी नाही, ते ओळखणारं माणूस जगात एकच होतं. ती म्हणाली असती, "वाणी झाली? खरंच?" आणि मला पापणी दोनदा मिटावी लागली असती. म्हणून ज्यांना माझी गरज नव्हती त्यांना मी रांगेने भेटत गेलो.

लोक विचारतात, एवढ्यातून उठलात, आता विश्वास पक्का झाला असेल. नाही झाला. मी बरा झालो ते पुनरुत्थान नव्हे. औषधं होती, व्यायाम होता, विमल होती. मी पुन्हा मरणार आहे. आणि तो उठला, हे मी मानतो का? मायची फार आठवण येते त्या दिवशी घट्ट मानतो. मग लगेच शंका येते की, तिला परत भेटायचं आहे म्हणूनच मानतो आहेस ना लबाडा? दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रार्थनेला बसतो. सध्या एवढंच जमतं. कुणी आजारात असाल आणि तुम्हालाही उजेड दिसला नसेल, तर मी तुमच्याच वॉर्डातला आहे. लाजू नका. फक्त बरे झालात की, कोण दारात खुर्ची घेऊन बसलं आहे ते आधी बघा.

यंदाचा रविवार

यंदा पुनरुत्थानाच्या रविवारी पुन्हा नांदेडला गेलो. भिंतीवर चढणं आता शक्य नाही. देवदूत दुसरा होता, आवाज बरा होता, जरा घाई करत होता. नाटक संपल्यावर नांदेडच्या पाळकसाहेबांनी माइक माझ्याकडे दिला. "आपले शमुवेलभाऊ मरणाच्या दारातून परत आले. साक्ष द्या, भाऊ."

फटफटलं होतं. शंभरेक माणसं कबरींच्या मधे उभी होती. करुणा पाठमोरी, मायच्या कबरीवर बादलीतून पाणी ओतत होती. मी काठीवर भार दिला.

"वाणी झाली नव्हती," मी म्हणालो. "सुनीता नावाची सिस्टर रोज उठा म्हणायची. मी तिला गाळून टाकलं. सतराच दिवस यंत्रावर होतो. बरा झाल्यावर गावोगाव हिंडलो आणि माझ्या मायला भेटायला आलो नाही. तिच्या गल्लीवरून गेलो."

मी मायच्या कबरीकडे वळलो.

"गेल्या वर्षी याच दिवशी तिनं मला विचारलं होतं, तो उठल्यावर मायला कधी भेटला? मी हसण्यावारी नेलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी आता विचारतो. पाळकसाहेब, तो तिला भेटला का? कुठंच लिहिलेलं नाही. ती वाट बघत असेल ना?"

पाळकसाहेबांनी हातातलं पुस्तक चाळलं आणि मिटलं. चांगला माणूस आहे, उगाच काही बोलला नाही. मी माइक खाली केला.

बादली धप्पकन जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. करुणा वळली होती. ओल्या हातांनी पदर खोचत, अडीच महिन्यांत पहिल्यांदा थेट माझ्याकडे बघून ती सगळ्या कब्रस्तानाला ऐकू जाईल अशी ओरडली, "भेटला असंल की! मायला घरी जाऊन भेटल्याचं माइकवर सांगत फिरतंय का कुणी?"